उद्या हळद हाय

१

माणिकरावांच्या घरातून भल्या सकाळी कुण्या बाईनं ११२ ला फोन करून मदत मागितली, असं पोलिसांचं म्हणणं होतं. आणि त्या घरातल्या तिन्ही बाया देवाची शपथ घेऊन सांगत होत्या की फोन आम्ही केलाच नाही. दारात जीप उभी होती, अर्धं धामणदरी गाव ओट्यासमोर जमलं होतं आणि मधोमध गावची पोलीस पाटील शिला बसली होती. तिच्या हातात चहाचा कप दिलेला होता. तो प्यावा की खाली ठेवावा हेच तिला सुचत नव्हतं.

तालुक्याहून आलेल्या शंकरसिंग हवालदारानं आलेला निरोप पुन्हा एकदा सगळ्यांदेखत वाचला. बाईचा आवाज, घाबरलेला. ‘उद्या हळद हाय, त्याच्या आत या,’ एवढं बोलली आणि फोन कट झाला. ठिकाण, माणिकरावांचं राहतं घर.

“हळदीच्या चोरीचा मामला हाय,” शंकरसिंग म्हणाला. “उद्या उचलणार म्हणून कुणाला तरी खबर लागली.”

त्यात त्याचं चुकलं असं कुणालाच वाटलं नाही. हळदीला भाव आल्यापासून या भागात पोलीस आणि हळद हे दोन शब्द जवळ आले की तिसरा शब्द चोरी हाच. माणिकरावांची तर पाच एकर हळद काढून झाली होती आणि आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, बॉयलर लावून शिजवणं चालू होतं.

पोलीस इतके नेमके दारात आले ते एका डबीमुळं. धामणदरी तिन्ही बाजूंनी डोंगरात दडलेलं. मोबाईलची रेंज गावात कधी उतरलीच नाही. मग माणिकरावांच्या पोरानं, सोमेश्वरनं, मोबाईल कंपनीकडून घरापुरता टॉवर आणून बसवला. इंटरनेटच्या वायरीला जोडलेली वहीएवढी पांढरी डबी. तिची रेंज घरात आणि फार तर ओट्यापर्यंत, गल्लीत पाय ठेवला की संपली. त्यातही जे नंबर कंपनीच्या यादीत तेवढेच फोन लागायचे. घरचे पाचजण, सरपंच, आशाताई आणि पोलीस पाटील म्हणून शिला. यादीत नाव असणं ही गावात मोठी मिजास झाली होती. सरपंच तर अर्ध्या हळकुंडानं पिवळे झाले होते.

११२ मात्र यादीबाहेरच्या माणसाचाही लागे, मग फोन कुठल्या का कंपनीचा असेना. पहिल्याच आठवड्यात एका टारगटानं ते करून पाहिलं होतं आणि शंकरसिंगकडून कान पिळून घेतला होता. डबीच्या पत्त्यावर जे घर लिहिलेलं, तेच घर पोलिसांच्या पडद्यावर दिसायचं.

“सोमेश्वर, डबी कुठं हाय?” शंकरसिंगनं विचारलं.

“ती काय,” सोमेश्वरनं आतल्या फळीकडं बोट केलं. क्रोशाच्या रुमालाखाली हिरवा दिवा लुकलुकत होता. शंकरसिंगनं मान हलवली.

ज्या नंबरावरून फोन आला तो लावला की बंद लागत होता, हे ठाण्यातून निघतानाच कळलं होतं. नंबर कुणाचा ते शोधायचं काम ठाण्यावर चाललेलं. तेवढ्यात जीपमधला वायरलेस खरखरला. शंकरसिंग तिकडं गेला, कान लावून उभा राहिला, आणि परत आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता.

“सिम गोजरबाई नावाच्या बाईचं हाय. वसमतकडची,” तो शिलाला बाजूला घेऊन म्हणाला. “मागल्या दिवाळीतच वारली म्हणे ती.”

२

मेलेल्या बाईचा फोन म्हटल्यावर शंकरसिंगचा अर्धा उत्साह गेला. कुणीतरी जुनं सिम घालून चेष्टा केली असणार, असं तो म्हणाला. जाता जाता त्यानं आखाड्यावरून जीप नेली. बॉयलर धूर सोडत होता, हळदीचे ढीग जागच्या जागी होते. तो तसाच तालुक्याला निघून गेला आणि शिलाला सांगून गेला की काही वाटलं तर रिंग मारा.

शिलाला वाटतच होतं. चेष्टा करणारी बाई घाबरल्या आवाजात बोलेल कशाला? आणि चेष्टाच करायची तर ‘त्याच्या आत या’ असं कोण म्हणतं? कुणीतरी मदत मागितली होती, जीप आली होती आणि रिकाम्या हातानं परत गेली होती. जिनं फोन केला तिच्या मनाचं आता काय झालं असेल? शिवाय सगळं भर ओट्यावर वाचून दाखवलेलं. ज्याला ती बाई घाबरली होती त्यानंही ते ऐकलं असेल, तर?

म्हणून ती ओट्यावरून हलली नाही. लोक पांगले तसं तिनं एकेकाला गोडीगुलाबीनं विचारायला सुरुवात केली.

माणिकरावांची बायको शालूबाई पदरानं एकसारखा घाम पुसत होत्या. ऊन होतं खरं, पण एवढं नाही. सून प्रतिक्षा मान वर करून बोलेना. मुलगी आरोही, बारावीच्या पेपरांमधल्या सुट्टीत घरी आलेली, शिलाचा प्रश्न पुरा व्हायच्या आतच नाही म्हणायची. सोमेश्वर तीनदा पाणी प्यायला आत गेला. घर काहीतरी लपवत होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. शिलाची नजर पुन्हा पुन्हा प्रतिक्षाच्या हातांकडं, मानेकडं जात होती. वळ बिळ काही नव्हता.

माणिकरावांनी ती नजर ओळखली. ते शांतपणे म्हणाले, “पोरी, या घरात बाईवर हात उचलत न्हाईत. ते डोक्यातून काढ.”

“मामा, मंग सगळे काहून घाबरून राहिले?”

नातं मामाचं असलं तरी पोलीस पाटलाला सगळं सांगायचं नसतं, असा माणिकरावांचा चेहरा होता.

तेवढ्यात हरिचंद आला. हा हळद शिजवणाऱ्या टोळीचा मुकादम, आपला बॉयलर आणि माणसं घेऊन गावोगाव फिरणारा. बायको मोतीबाई, चार बाया, दोन-तीन पोरी असा त्याचा पसारा आखाड्यावरच उतरलेला. हात कोपरापर्यंत पिवळे. मालक, आज दुपारून काम बंद ठेवतो, असं तो अदबीनं म्हणाला.

माणिकराव वैतागले. “उद्याची सुट्टी पायजे म्हणून काल म्हणला. आता म्हणतो आजच. बॉयलर थंडा करून पुन्यांदा पेटवायचा म्हणजे लाकडं का फुकट येतात?”

घरचं थोडं काम निघालं, असं हरिचंद म्हणाला. जाताजाता शिलानं त्याला सहज विचारलं की उद्या इथून हळद निघणार आहे का. तो हसला.

“उद्या? अजून निम्मी शिजायची हाय, बाई. शिजली की पंधरा दिवस उन्हात वाळंल, मंग पॉलिश, मंग हिंगोलीच्या मोंढ्यात बाजाराला. ओली हळद कोन चोरतंय? वजनानंच मरंल.”

तो गेला. त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि तेच शिलाला टोचत राहिलं. उद्या हळदीचं काहीच होणार नव्हतं. मग उद्या काय होतं?

आणखी थोडा वेळ ती ओट्यावर बसून राहिली. फोन मांडीवर ठेवला होता, तो गप्प होता.

३

गावाबाहेर चढावर एक मोठा खडक आहे. त्यावर उभं राहिलं की पलीकडच्या टॉवरची जराशी रेंज येते. दुपार कलायला लागली तशी शिला तिथं गेली आणि तिनं शंकरसिंगला फोन लावला. हरिचंद म्हणाला ते त्याच्या कानावर घालावं एवढंच तिच्या मनात होतं.

तो तिच्यावरच उखडला. गोजरबाईला एक पोरगी आहे, ती आईमागं नातेवाइकांकडं गेली, एवढं ठाण्यावर कळलं होतं, आणि ते सांगायला तो सकाळपासून शिलाला फोन लावत होता.

“कव्हरेजच्या बाहेर, कव्हरेजच्या बाहेर. कुठं होत्या तुम्ही?”

“माणिकमामाच्या ओट्यावर. हलले बी न्हाई.”

“तिथं तर तुमचा फोन लागतो ना?”

तेवढ्यात रेंज तुटली आणि फोन कट झाला. माणिकमामाच्या ओट्यावर तिचा फोन लागला नाही, असं आजवर झालं नव्हतं. तिला फळीवरचा तो क्रोशाचा रुमाल आठवला. डबी तापते म्हणून शालूमामी तिच्यावर धुळीचं फडकंसुद्धा टाकू देत नसत. आणि आज तिच्यावर रुमाल होता. रुमालाखाली लुकलुकत होता तो टीव्हीचा सेटटॉप बॉक्स असणार.

डबी त्या घरात नव्हतीच.

ती जिथं असेल तिथूनच तो फोन लागला होता. पत्ता मात्र जुनाच राहिला होता आणि सगळे त्या पत्त्यावर येऊन भलत्याच बायकांना प्रश्न विचारत बसले होते. ती खडकावर खाली बसली.

“उद्या हळद हाय,” ती स्वतःशीच पुटपुटली. आता ते वाक्य तिनं पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडून ऐकलं, बाईच्या आवाजात. चोराची भीती असलेली बाई म्हणेल, हळद नेतील, हळद उचलतील. ‘उद्या हळद हाय’ असं कोण म्हणतं? नवरीची मावशी म्हणते. पत्रिका वाटणारा म्हणतो. उद्या हळद हाय, परवा लग्न हाय. शिलानं स्वतः हे वाक्य आयुष्यात शंभरदा म्हटलं होतं. पण जिथं दिवसभर हळदीचा भाव, हळदीचा उतारा आणि हळदीचीच चोरी, तिथं पोलिसांना काय किंवा तिला काय, नवरीची हळद आठवलीच नव्हती.

कुणाची तरी उद्या हळद होती आणि त्या आधी तिला सोडवून न्यायचं होतं.

शिला उतारावरून पळतच गावात आली. पहिला विचार आला तो आरोहीचा. वयात आलेली पोरगी, घरात सगळे गप्प. तिनं आरोहीला मागच्या अंगणात गाठलं आणि सरळ विचारलं की तुझी हळद उद्या आहे का.

आरोही आधी गोंधळली, मग तिला हसूच आलं. “माझी हळद? ताई, मला अजून पाहायला बी कोनी आलं न्हाई.”

ते हसू खरं होतं. आणि आरोहीचा नंबर यादीत होता, कंपनीही तीच. ती कशाला मेलेल्या बाईच्या सिमवरून फोन करेल? ज्याचा फोन यादीत नाही, ज्यावर फक्त ११२ लागतो आणि परत फोन लावला की लागत नाही, असं कुणीतरी बाहेरचं होतं ते.

“आरोही, डबी कुठं हाय?”

पोरीचं हसू मावळलं. तिनं मागं वळून पाहिलं, आई चुलीपाशी होती. मग एका दमात तिनं सांगून टाकलं. हळदीवर नजर ठेवायला दादानं आखाड्यावर कॅमेरे लावले, त्यासाठी इंटरनेटची वायर तिकडं फिरवली आणि डबीही तिकडंच नेली. पत्त्यावरून हलवली तर कंपनी डबी बंद करते, दंड लावते, वर केसही होते असं कुणीतरी दादाला सांगितलेलं. म्हणून जीप दिसली तशी सगळ्यांची पाचावर धारण बसली होती.

एवढंच होतं त्या घराचं गुपित. आणि त्याच्याखाली दुसऱ्या कुणाचं तरी आयुष्य झाकलं गेलं होतं.

आखाडा. मुकादम हरिचंद. काल त्यानं उद्याची सुट्टी मागितली. पोलिसांची जीप आखाड्यावरून गेली आणि म्हणाला, नाही, आजच दुपारून.

शिलानं वर पाहिलं. सूर्य डोंगराकडं झुकला होता. दुपार होऊन गेली होती.

४

सोमेश्वरनं मोटारसायकल काढली ती शिलाच्या धाकानं, पण वाटभर तो गयावया करत होता. डबीचं तेवढं पोलिसांना कळू देऊ नका, ताई. शिलाला राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. उशीर झाला असेल तर हा राग काढायचा कुणावर, ते तिला कळत नव्हतं.

आखाड्यावर बॉयलर थंड पडला होता. अंगणभर शिजलेल्या हळदीचे ढीग, वास नाकात बसणारा. सोप्यात पाच-सहा बाया आणि तीन पोरी बसल्या होत्या. दाराशी एक अनोळखी जीप, तिच्यात नव्या कपड्यांतली दोन माणसं. पैनगंगेपलीकडचे पाहुणे, असं मोतीबाईनं न विचारता सांगितलं.

शिलानं पोरींकडं पाहिलं. तिघीही पिवळ्या होत्या. बाया पिवळ्या होत्या, हरिचंद पिवळा होता, कुत्र्याची पाठसुद्धा पिवळी होती.

“नवरी कोन?” शिलानं विचारलं.

“कशाची नवरी, बाई,” मोतीबाई म्हणाली. “हळद शिजवून राहिलो आमी. पिवळं न्हाई होणार तर काय काळं होणार?”

बोलणं बिनतोड होतं. शिला सोप्यात चढली आणि पोरींच्या समोर उकिडवी बसली. दोघींचे हात कोपरापर्यंत पिवळे, नखांत हळद बसलेली, चेहरे मात्र उन्हानं रापलेले, साधे. तिसरीचे हात स्वच्छ धुतलेले. पिवळा होता तो तिचा चेहरा, कानामागं, मानेवर, तेलानं चकाकणारा. हातात हिरवा चुडा, एकही काच फुटलेली नाही. हळद शिजवणारी बाई नवा चुडा भरून बॉयलरपाशी बसत नाही. आणि मनगटाला दोऱ्यानं हळकुंड बांधलेलं होतं. अंगणात हजारो हळकुंडं पडली होती, त्यातलं हे एकच कुणीतरी बांधलं होतं.

पोरगी पंधराची असेल नसेल. ती शिलाकडं पाहत नव्हती, शिलाच्या हातातल्या फोनकडं पाहत होती.

“गोजरबाई तुझी कोन?” शिलानं हळूच विचारलं.

पोरीनं आता शिलाकडं पाहिलं. “माय.”

तिचं नाव ऐश्वर्या. हरिचंद तिचा काका. बाकीचं तिनं तुटक तुटक सांगितलं. परवापासून दहावीचे पेपर. मायचा फोन पेटीत लपवून ठेवलेला, रिचार्ज संपलेला, पण इथं आल्यावर त्यावर लिहून आलं की फक्त इमर्जन्सी कॉल. शाळेत बाईंनी ११२ सांगितला होता. एकदाच लावला, तेवढ्यात काकूनं पाहिलं आणि फोन बॉयलरच्या भट्टीत गेला.

हरिचंद सोप्यात आला तो ओरडला नाही. बिनआईची पोरगी, गावोगाव फिरणारं बिऱ्हाड, उद्या काही कमीजास्त झालं तर जबाबदार कोण, चांगलं घर मिळालंय, असं तो समजावणीच्या सुरात बोलत राहिला. त्यात थोडी खरी काळजीही असावी. पण पोरीला विचारायचं त्याला सुचलं नव्हतं, आणि भट्टीत टाकलेल्या फोनबद्दल तो काही बोलला नाही.

तेवढ्यात शिलाच्या हातातला फोन वाजला. दिवसभर मुका असलेला फोन इथं भरल्या रेंजमध्ये खणखणत होता. शंकरसिंगच होता.

फोन कशानं लागतो ते मोतीबाईला बरोबर कळलं. ती भिंतीवरच्या डबीकडं गेली, तिचा हात वायरीकडं गेला. डबीशेजारी सोमेश्वर उभा होता. पोलीस इथं आले की डबी सापडणार होती, दंड होणार होता, गावभर नाचक्की होणार होती. आणि वायर निघाली की सगळंच झाकून जाणार होतं. शिलानं त्याच्याकडं पाहिलं. सोमेश्वर क्षणभर घुटमळला, मग डबीला पाठ लावून उभा राहिला.

“राहू द्या, मावशी,” तो म्हणाला. “चालू राहू द्या.”

शिलानं फोनवर सांगितलं ते सगळ्यांदेखत सांगितलं. ठिकाण माणिकरावांचं घर नाही, माणिकरावांचा आखाडा. हळदीची चोरी नाही, बालविवाह. पंधरा वर्षांची पोरगी, हळद लागलेली, लग्न अजून लागायचं आहे. निघालो, एवढंच शंकरसिंग म्हणाला. बाहेर पाहुण्यांच्या जीपचं इंजिन चालू झालं आणि आवाज दूर गेला. तिचा नंबर शिलानं येतानाच पाहून ठेवला होता.

हरिचंद मटकन खाली बसला. “एका हळकुंडासाठी लग्न मोडता का, बाई?”

ही म्हण त्यानं बापजाद्यांकडून ऐकली होती, शिलानंही ऐकली होती. तिनं पोरीचं मनगट हातात घेतलं, गाठ सुटेना तेव्हा दातानं दोरा तोडला.

“व्हय,” ती म्हणाली.

हळकुंड तिनं अंगणातल्या ढिगावर फेकलं.

जीप यायला वेळ होता. ऐश्वर्या शिलाला चिकटून सोप्याच्या कडेला बसली. ओढणीच्या टोकानं ती चेहरा पुसत होती आणि पिवळा रंग निघत नव्हता. मग तिनं विचारलं, “ताई, सकाळी पोलिसाची गाडी आली व्हती ना? मी आतून पाह्यलं. इथून वळून गेली. मला वाटलं, माझा आवाज पोचलाच न्हाई.”

शिलाला खोटं बोलता आलं असतं. डबीवर, कंपनीवर, पत्त्यावर ढकलता आलं असतं.

“पोचला व्हता, माय,” ती म्हणाली. “आमालाच हळद म्हणलं की पोतं दिसलं.”

पोरीनं मान हलवली आणि पुन्हा चेहरा पुसायला लागली. शिलानं तिच्या हातातून ओढणीचं टोक घेतलं, माठातल्या पाण्यात भिजवलं आणि कानामागून पुसायला सुरुवात केली.